शेव्हेलचा गिअरदांडा बदलतोय, हर्स्ट बसवलेल्यांनी जरा इकडे या

थंडीतला_कोकणी

मंडळी, दोन वर्षं इथे नुसता वाचत होतो. आज गरज पडली म्हणून लिहितोय.

गाडी १९६७ची शेव्हर्ले शेव्हेल मालिबू. दोन दारी, ३२७ घनइंची व्ही-८, चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स, दांडा जमिनीत. मी डेट्रॉइटच्या वायव्येला राहतो. नोव्हेंबर ते एप्रिल इथल्या रस्त्यांवर मीठ असतं, त्यामुळे गाडी गॅरेजात गोधडी पांघरून बसलेली असते. म्हणजे जे काय करायचं ते आत्ताच. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांची मिरवणूक) असते, तिथवर गाडी स्वतःच्या चाकांवर न्यायची आहे.

दुखणं असं की तिसरा गिअर टाकायचा म्हणजे आधी दांडा कुठे आहे ते शोधावं लागतं. न्यूट्रलमध्ये तो चांगला वीतभर हलतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्येच कुठेतरी अडकतो, मग परत न्यूट्रलला आणून देवाचं नाव घेऊन ढकलायचा. रिव्हर्स अडवणारी व्यवस्था कधीच मोडली आहे. परवा सिग्नलला पहिला टाकायला गेलो आणि गाडी मागे सरकली. मागे पोलिसाची गाडी होती. तो हसला, हे माझं नशीब.

शिफ्टर (दांडा आणि त्याच्या बुडाची यंत्रणा) मूळचा आहे, साठीला आलेला. त्याच्या बदली हर्स्ट कंपनीचा कॉम्पिटिशन प्लस शिफ्टर मागवलाय आणि त्यासोबत १९६७च्या शेव्हेलचं बसवण्याचं किट. दोन्ही मिळून पाचशे डॉलरच्या घरात गेले. (घरात आकडा तीनशे सांगितला आहे. कोणी फुटू नका.)

प्रश्न: गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल का? आणि एकट्याने होईल का?

नुसताच_वाचक

आमच्या ऑटोमॅटिक गाडीत डी आणि आर असतात. कधी गोंधळ नाही. बसतो चहा घेऊन, चालू द्या.

अर्धाइंची

गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. एकट्याने होतं, पण वरून दांडा धरायला एक माणूस असला तर शिव्या निम्म्या लागतात.

काम दोन बाजूंनी आहे. आतून दांड्याची मूठ काढा, रबरी बुटाभोवतीच्या कड्याचे स्क्रू काढा, बूट वर घ्या. मग गाडीखाली. चारही बाजूंना स्टँड, नुसत्या जॅकवर नाही. मी हे प्रत्येक धाग्यात लिहितो आणि लिहीतच राहणार. बॅटरीची वायर सोडा. एक्झॉस्ट गार होऊ द्या. शिफ्टरमधून गिअरबॉक्सकडे तीन सळ्या जातात, त्यांच्या क्लिपा काढून सळ्या सोडवा. शेवटी शिफ्टर ज्या प्लेटवर बसलाय तिचे बोल्ट. पाने लागतील ते ७/१६, १/२ आणि ९/१६ इंचाचे. मिलिमीटरचे पाने घेऊन जाऊ नका, बोल्टची डोकी गोल होतील.

पण पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी करा.

एक, इंजिन आणि गिअरबॉक्स ज्यांच्यावर टेकलेत ते रबरी माउंट बघा. दांडा गिअरबॉक्सला जोडलेला आहे आणि भोक बॉडीच्या पत्र्यात आहे. माउंट फाटलेला असेल तर पूर्ण इंजिन-गिअरबॉक्स डुलतं आणि शिव्या दांड्याला बसतात.

दोन, गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला खाली ओतीव आकडा आहे, सात अंकी. तो इथे लिहा. किट उघडायच्या आधी.

थंडीतला_कोकणी

धन्यवाद. माउंट वरून बघितले, छान काळेकुळकुळीत आहेत, आधीच्या मालकाने बदलले असावेत. आकडा बघतो, पण गाडी १९६७ची, किट १९६७चं, त्यात काय बघायचं?

अर्धाइंची

बघा म्हटलं ना.

दादर_फियाट

कोकणी, तुमचं वाचून बाबा आठवले. त्यांची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी होती, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. त्या लिंकेजच्या (गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडण्यांच्या) बुशी, म्हणजे भोकातल्या कड्या, झिजल्या की गिअर असाच अडकायचा. बाबा शिवाजी पार्कच्या नाक्यावर शांतपणे उतरायचे, बॉनेट उघडायचे, आत हात घालून एक पट्टी खटकन जागेवर आणायचे, हात फडक्याला पुसून परत बसायचे. मागच्या पॅसेंजरला वाटायचं इंजिन तपासतायत. मला आठव्या वर्षी कळलं होतं की कुठली पट्टी ते.

अमेरिकन गाड्यांतही तीन गिअर स्टिअरिंगवर असायचे त्यांना हेच दुखणं होतं म्हणतात. खरंय का काका?

पेट्रोलकाका

अगदी खरं, दादर. मी १९७८ला इकडे आलो तेव्हा पहिली गाडी घेतली ती तशीच, स्टिअरिंगवर तीन गिअरची जुनी शेव्हर्ले. बॉनेट उघडून दोन पट्ट्या समोरासमोर आणायच्या, तोच उद्योग. फरक इतकाच की शिवाजी पार्कला ऊन असतं, मी मिलवॉकीच्या बर्फात उभा होतो.

कोकण्या, तुझ्या शिफ्टरबद्दल. मन्सी हे गावाचं नाव आहे, इंडियाना राज्यातलं. तिथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात हा चार गिअरचा बॉक्स १९६३ ते १९७४ बनला. हर्स्ट म्हणजे जॉर्ज हर्स्ट, पेनसिल्व्हेनियाचा. १९५८मध्ये बिल कॅम्पबेल या भागीदाराबरोबर त्याने धंदा सुरू केला. १९६४ची पाँटिअॅक जीटीओ आली तेव्हा कारखान्यातूनच जमिनीतल्या दांड्याला हर्स्टचा शिफ्टर होता, मग पोरांनी डोक्यावर घेतला. अपघातात चेपलेल्या गाडीचा पत्रा फाकवून माणूस बाहेर काढतात ते हायड्रॉलिक यंत्र आहे ना, ज्याला इकडे 'जॉज ऑफ लाइफ' म्हणतात, ते याच माणसाचं. एका माणसाने पोरांना वेगात गिअर टाकायला दिला आणि त्यातून आपटले तर बाहेर काढायची सोयही केली. मला हे फार आवडतं.

दांडा कुठला घेतलास ते सांग. बेंच सीट असेल तर दांड्याला वाक वेगळा, बकेट सीट आणि मध्ये कन्सोल असेल तर वेगळा. चुकीचा आला तर तिसऱ्याला हात डॅशबोर्डवर आपटतो आणि चौथ्याला सीटमध्ये घुसतो.

जीपवाली

वाचतेय. माझ्याकडे पुण्यात जुनी महिंद्रा जीप आहे, तीन गिअरचा टी-९० बॉक्स. तिचा दांडा थेट गिअरबॉक्सच्या टोपणात बसतो. खाली गोळा, गोळ्याच्या खाली टोक, ते टोक सरळ आतल्या फोर्कांत (गिअर सरकवणाऱ्या काट्यांत). झिजला तर टोपण उघडा, स्प्रिंग आणि टोपी बदला, संपलं. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न खरडता गुंतवणारी कडी) नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, एवढं एकच पथ्य.

मग या शेव्हेलला तीन सळ्यांचा खटाटोप कशाला? दांडा थेट वर का नाही बसवला?

पेट्रोलकाका

अगदी मुद्द्याचा प्रश्न, ताई. मन्सीचं टोपण वर नाही, डाव्या कुशीला आहे. सात बोल्टांचं. त्यातून दोन शाफ्ट बाहेर येतात: पुढचा तिसरा-चौथा हलवतो, मागचा पहिला-दुसरा. रिव्हर्सचा शाफ्ट त्या टोपणात नाहीच, तो मागच्या शेपटीच्या कवचात आहे. असे तीन शाफ्ट, तीन पट्ट्या, तीन सळ्या. ड्रायव्हर एकच दांडा हलवतो, शिफ्टरच्या पोटात ठरतं की या क्षणी कुठली सळी ओढायची. दांडा डावी-उजवीकडे हलवतो तेव्हा आपण सळी निवडतो आणि पुढे-मागे करतो तेव्हा ती ओढतो किंवा ढकलतो.

आता हिशेब करा. प्रत्येक सळीला दोन टोकं, प्रत्येक टोकाला भोक आणि बुश. सहा जागी थोडा थोडा खेळ साठला की वर मुठीपाशी तो वीतभर होतो. दांडा लांब आहे ना.

जीपवाली

कळलं. म्हणजे आमच्याकडे जाऊबाई एकच आणि तुमच्याकडे तिघी, निरोप पोचेपर्यंत अर्थ बदलतो.

थंडीतला_कोकणी

शनिवारचा अहवाल. हात अजून काळे आहेत, फोनची काचसुद्धा.

जुना शिफ्टर निघाला. तीन तास लागले, त्यातले दोन एका क्लिपवर. काढून हातात घेतला तेव्हा समजलं काय प्रकार होता. रिव्हर्सच्या सळीचं भोक गोल उरलेलंच नाही, भोपळ्याच्या बीसारखं लांबट झालंय. तीन-चारच्या सळीला बुशच नव्हती. तिच्या जागी कोणीतरी तांब्याची वायर गुंडाळली होती! सुबक, सात-आठ वेढे. ज्याने केलं त्याचा हात बरा असणार, अक्कल नाही.

मग नवीन पट्ट्या लावायला घेतल्या आणि तिथेच अडलो. किटमधल्या पट्ट्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतच नाहीत. किटच्या कागदावर चित्र आहे त्यात शाफ्टच्या टोकाला बाहेर आलेले आटे आहेत आणि वरून नट. माझ्या शाफ्टला बाहेर काहीच नाही. उलट आत आटे पाडलेलं भोक आहे आणि त्यात बोल्ट. दुकानाने चुकीचं किट पाठवलं का?

अर्धाइंची

दुकानाने बरोबर किट पाठवलं. आकडा?

नुसताच_वाचक

चहा संपला. दुसरा ठेवतो.

थंडीतला_कोकणी

आकडा. जुना टूथब्रश आणि डिग्रीजर घेऊन पाठीवर झोपलो, साठ वर्षांची चिकट माती घासली. ३९२५६६१.

त्याच बाजूला ठोकलेली छोटी अक्षरंही दिसली: पी १ डी १४ ए.

पेट्रोलकाका

अरे वा. कोकण्या, गाडी तुझी १९६७ची असेल, गिअरबॉक्स नाही.

३८८५०१० असता तर १९६६-६७चा, म्हणजे तुझ्या गाडीच्या वयाचा. ३९२५६६० असता तर १९६८ ते ७०. तुझा शेवटी ६६१, म्हणजे १९७० ते ७४. ठोकलेली अक्षरं आणखी नेमकं सांगतात. पी म्हणजे मन्सीचा कारखाना, १ म्हणजे १९७१, डी म्हणजे एप्रिल, १४ ही तारीख. १४ एप्रिल १९७१. शेवटचा ए म्हणजे एम-२०, लांब अंतराच्या गिअरांचा, पहिल्या गिअरचं प्रमाण २.५२.

(आणि हो, १४ एप्रिल! तुझ्या गिअरबॉक्सची जयंती बाबासाहेबांच्या जयंतीला.)

आता किटचं कोडं. १९६८पर्यंतच्या मन्सीला शाफ्टवर बाहेर आटे आणि नट होता, १९६९पासून आत बोल्ट आला. तू १९६७चं किट मागवलंस, ते नटवालं आलं. हर्स्ट तोच राहील, पट्ट्या-सळ्यांचं किट तेवढं बदलून घे, बोल्टवालं माग.

आणखी एक, लिहून ठेव. कधी क्लच बदलायला गेलास तर क्लचची चकती १९६७ची मागवू नकोस. जुन्या मन्सीच्या इनपुट शाफ्टला १० दाते होते, १९७१च्याला २६. मागच्या टोकालाही दाते वाढले, ३२ झाले, म्हणजे ज्याने हा बॉक्स घातला त्याने मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचं योकही (जोडतुकडा) बदललं असणार.

थंडीतला_कोकणी

मी ही गाडी 'सगळं मूळचं' म्हणून घेतली होती.

दादर_फियाट

बाबा म्हणायचे, गाडी विकणाऱ्याचं 'ओरिजिनल' आणि मुलीकडच्यांचं 'गव्हाळ' दोन्ही उजेडात बघून घ्यायचं.

जीपवाली

बाबांना सांगा, मुलाकडच्यांचं 'पुण्यात स्वतःचा फ्लॅट' पण.

शेवटचा_स्टॉप

मध्येच घुसतोय, माफ करा. कॅलिफोर्निया, १९७० शेव्हेल, चार गिअर. मला वाटलं होतं माझं काम कोकणींपेक्षा सोपं, कारण गाडी नवी. पण माझ्या गिअरबॉक्सच्या रिव्हर्सच्या पट्टीपासून आणखी एक सळी वर स्टिअरिंग कॉलमकडे जाते. ती कशाची? हर्स्ट बसवताना काढून टाकली तर चालेल का? फार आडवी येते.

अर्धाइंची

१९६९पासून जनरल मोटर्सने किल्ली डॅशबोर्डवरून काढून स्टिअरिंग कॉलमवर नेली आणि स्टिअरिंगला कुलूप दिलं. ती सळी त्या कुलपाची. गाडी रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय किल्ली निघत नाही आणि स्टिअरिंग लॉक होत नाही, ते या सळीमुळे.

बरेच जण काढून टाकतात आणि कॉलमची पट्टी तारेने वर बांधतात. मग किल्ली कुठल्याही गिअरला लॉकपर्यंत फिरते. चालत्या गाडीत कोणी किल्ली फिरवली तर स्टिअरिंग लॉक. मी काढणार नाही. सळी आडवी येत असेल तर ती कशी वळवून बसवायची ते आधी बघा.

कोकणींच्या १९६७ला किल्ली डॅशबोर्डवर आहे, त्यांना हा प्रश्न नाही.

शेवटचा_स्टॉप

ठेवतो बाबा. लहान मुलगा मागच्या सीटवरून पुढे हात घालतो.

थंडीतला_कोकणी

किट बदलून आलं. पट्ट्या पहिल्याच झटक्यात बसल्या, जणू इथल्याच होत्या. आता ज्यासाठी हा धागा काढला तो भाग, सळ्या जुळवणं. जसं केलं तसं लिहितो, चुकलं असेल तर सांगा.

शिफ्टरच्या अंगात एक आरपार भोक आहे. दांडा न्यूट्रलला असला की आतले तिन्ही लिव्हर एका ओळीत येतात आणि त्या भोकातून पाव इंची सळई आरपार जाते. मी पाव इंची ड्रिलचं मागचं गुळगुळीत टोक घातलं. म्हणजे शिफ्टरच्या बाजूने न्यूट्रल पक्कं.

आता गिअरबॉक्सच्या बाजूने न्यूट्रल. एक-दोनची किंवा तीन-चारची पट्टी पुढे-मागे केली की तीन ठिकाणी खट्ट लागतं, मधलं न्यूट्रल. मधलं कुठलं हे मला पहिल्यांदा ओळखूच येईना. तीन-चारची पट्टी मी मधलं समजून तिसऱ्यात ठेवली आणि सळी तिथे जुळवली. दांडा हलवून बघितला तर जागचा हलेना. अर्ध्या तासाने डोक्यात प्रकाश पडला. मागची चाकं अधांतरी होतीच, गाडीखालून प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून बघितला. जेमतेम हलायचा आणि अडायचा, इंजिनाने धरून ठेवल्यासारखा. पट्टी एक खट्ट मागे घेतली तर शाफ्ट हातात भोवऱ्यासारखा फिरला. तेव्हा कळलं न्यूट्रल म्हणजे काय.

मग सळ्या. प्रत्येक सळीच्या टोकाला आटे आणि त्यावर फिरणारं लोखंडी बटण. बटण फिरवत फिरवत अशा जागी आणायचं की ते लिव्हरच्या भोकात स्वतःहून शिरेल. ढकलावं लागलं तर जुळलं नाही, परत फिरवायचं. एक-दोनची सळी अर्धा फेरा जास्त होती, बटण भोकाच्या कडेला टेकत होतं. वाटलं हलकेच ठोकलं की जाईल. हातोडी हातात घेतली होती. मग अर्धाइंचींचा चेहरा (जो मी कधी पाहिला नाही) डोळ्यांसमोर आला आणि ठेवून दिली. अर्धा फेरा मागे, आणि बटण असं आत गेलं की आवाजसुद्धा नाही.

पिन काढली. चारही गिअर आणि रिव्हर्स, सगळे लागतात. गाडी स्टँडवरच आहे, इंजिन बंद.

अर्धाइंची

बरोबर. तांब्याची तार लावणाऱ्यापेक्षा बरं काम. स्टॉप बोल्ट?

थंडीतला_कोकणी

ते काय असतं?

अर्धाइंची

शिफ्टरला पुढे एक आणि मागे एक बोल्ट आहे, नटसकट. दांडा किती पुढे-मागे जावा याची सीमा. ते नीट लावले नाहीत तर घाईत गिअर मारताना सगळा जोर गिअरबॉक्सच्या आतल्या फोर्कवर जातो. फोर्क वाकला की मग गिअरबॉक्स खरोखर उतरवायचा.

दोन्ही बोल्ट मागे घ्या, दोन-चार आट्यांवर राहतील इतके. दांडा तिसऱ्यात टाका, पुढे दाबून धरा. बोल्ट आत घ्या, टेकला की थांबा. दांडा सोडा, बोल्ट एक फेरा मागे घ्या, नट आवळा. मग चौथ्यात टाकून दुसरा बोल्ट तसाच. यालाच दुसरा माणूस लागतो.

थंडीतला_कोकणी

बायकोने दांडा धरला. 'घट्ट धर' म्हटल्यावर तिने विचारलं, 'तीनशे डॉलरचा आहे ना, मोडणार नाही ना?' आवाजावरून वाटतंय की तिला कळलंय.

पेट्रोलकाका

बायकांना पहिल्या दिवशी कळतं. सांगायला त्या योग्य वेळ बघतात.

आतला रबरी बूट विसरू नकोस. वरचा चामड्याचा शोभेचा, तो वेगळा. पत्र्यावर बसणारा खालचा रबरी बूट फाटका असला तर एक्झॉस्टचा धूर थेट गाडीत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जुना चिरलेला असेल तर नवा घे, तिथे कंजूषपणा नको.

आणि गिअरबॉक्समधलं तेल बदल. ८०-डब्ल्यू-९०, पण जीएल-४ दर्जाचं.

शेवटचा_स्टॉप

मी जीएल-५ घालतो, चार वर्षं झाली, काही झालं नाही. दुकानात तेच मिळतं.

पेट्रोलकाका

मन्सीच्या सिंक्रोच्या कड्या पितळेच्या आहेत. जीएल-५मध्ये गंधकाची जी रसायनं जास्त असतात ती पितळेला चावतात. आज काही होत नाही, झीज हळूहळू होते. जीएल-४ शोधावं लागतं हे मान्य, पण मिळतं.

शेवटचा_स्टॉप

आजकालच्या जीएल-५मध्ये पितळेला न चावणारी रसायनं असतात असंही वाचलंय.

पेट्रोलकाका

काहींत असतात. डब्यावर तसं लिहिलेलं असेल तर घाल. नुसतं 'जीएल-५' लिहिलं असेल तर माझ्या मन्सीत नाही. तुझ्या मन्सीत तू घाल, गाडी तुझी.

नुसताच_वाचक

तेलाचा विषय निघाला, आता धागा दोनशेवर जातो. मी पोहे टाकतो.

थंडीतला_कोकणी

मीठ धुऊन गेलं, रस्ते कोरडे. आज गाडी बाहेर काढली.

आधी चांगली बातमी. दांडा दोन बोटांनी जातो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना जो शोध घ्यावा लागायचा तो संपला, स्प्रिंग स्वतःच तिसऱ्या-चौथ्याच्या वाटेवर आणून सोडते. रिव्हर्सला मुद्दाम डावीकडे जोर लावावा लागतो, त्यामुळे पोलिसांनाही आता भीती नाही. पहिल्या दोन मैलांत मी विनाकारण तीस-चाळीस वेळा गिअर बदलले असतील.

आता दुसरी. चढावर दुसऱ्यात जोरात अॅक्सिलरेटर दाबला की 'टक' असा आवाज आणि दांडा हातात उडी मारतो. बघितलं तर दांडा पत्र्यातल्या भोकाच्या कडेला लागतोय. हलकं चालवलं तर नाही. सळ्या परत तपासल्या, पिन अजूनही लोण्यासारखी जाते. शिफ्टरची प्लेट घट्ट आहे. काय चुकलं?

अर्धाइंची

पहिल्या प्रतिसादातला पहिला मुद्दा.

थंडीतला_कोकणी

माउंट बघितले होते की.

अर्धाइंची

वरून बघितले. रबर वरून काळं आणि आतून फाटलेलं असतं. बॉनेट उघडं ठेवा, हँडब्रेक ओढा, एकाने आत बसून फूटब्रेक पूर्ण दाबून दुसरा गिअर टाकावा आणि क्लच अगदी थोडा सोडावा, गाडी हलता कामा नये. तुम्ही बाजूला उभे राहून इंजिन बघा. गाडीच्या पुढे उभे राहू नका. परत लिहितो, पुढे नाही.

पेट्रोलकाका

आणि हे टाळू नकोस. जोर लागला की इंजिन ड्रायव्हरच्या बाजूने वर उचलतं, फाटलेला माउंट ते धरू शकत नाही. त्या काळच्या गाड्यांत उचललेलं इंजिन अॅक्सिलरेटरची जोडणी ओढायचं आणि गाडी आपोआप सुटायची. डिसेंबर १९७१मध्ये जनरल मोटर्सने शेव्हर्लेच्या सुमारे ६७ लाख गाड्या याच माउंटसाठी परत बोलावल्या होत्या. तुझ्या दांड्याने वेळेवर टकटक केलं म्हणायचं.

थंडीतला_कोकणी

केलं. बायको आत, मी फेंडरपाशी. क्लच सुटू लागला आणि इंजिनाची डावी बाजू सरळ दोन बोटं वर आली, सोडल्यावर धप्प खाली. बायकोने काचेतून हे पाहिलं आणि पाय ब्रेकवर तसाच ठेवून मला म्हणाली, 'हे आधी का नाही बघितलंस?'

डावा माउंट काढला. वरून खरंच काळाकुळकुळीत. खालून दोन तुकडे, रबर पत्र्यापासून संपूर्ण सुटलेलं, मध्ये नख जाईल इतकी फट आणि त्यात गंज. आधीच्या मालकाने बहुतेक वरून काळा रंग मारला होता. दोन्ही बाजूंचे नवे मागवले, या वेळी असे की रबर फाटलं तरी लोखंड लोखंडात अडकून राहील. तेवढं इंजिन जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून उचललं आणि दुपारपर्यंत बसवले.

टकटक बंद.

जीपवाली

मग मला सांगा, मूळचा शिफ्टर खरंच तितका वाईट होता का, की निम्मा दोष माउंटचा?

थंडीतला_कोकणी

काल रात्री हाच विचार करत होतो. भोकं लांबट झाली होती, तांब्याची तार होती, ते खरंच. पण तिसऱ्याला अडकणं निदान थोडंतरी इंजिनाच्या डुलण्याचं असणार. उत्तर नक्की मिळवायचं तर जुना शिफ्टर परत लावून बघावा लागेल.

नुसताच_वाचक

लावा की.

थंडीतला_कोकणी

तुम्ही पोहे खा.

दादर_फियाट

जुना शिफ्टर टाकून दिलात का?

थंडीतला_कोकणी

नाही. घासून, तेल लावून, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलाय. तांब्याच्या तारेसकट.

दादर_फियाट

तार काढू नका. बाबांनी पद्मिनीच्या लिंकेजला कॉयरची सुतळी लावली होती. गाडी भंगारात गेली तेव्हा मी तेवढी सोडवून आणली.